तिसरीच्या मुलांना निसर्गातून चित्रकला कशी शिकवावी?

शाळा पुण्यात, आवारात बाग नाही, आठवड्याला चित्रकलेचा एकच तास, असं तुम्ही लिहिलंय. बागेची काळजी सोडा. मीही इथेच प्राथमिकच्या मुलांना चित्रकला शिकवते. खरी अडचण असते ती मुलांच्या हातात बसलेल्या चित्राची: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि नदी.

गच्चीवरून वेताळ टेकडी किंवा तळजई दिसत असेल तर मुलांना तिथे बसवा आणि विचारा, डोंगराचं टोक कुठाय? टोक नाहीच! साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्या-पायऱ्यांचे. एवढं सांगितलं की मुलं परत वर बघतात. मग रंग. फेब्रुवारीत टेकडीवरचं गवत वाळून पिवळट-तपकिरी झालेलं असतं, तरी हात हिरव्या खडूकडे जातो. तेव्हा चूक काढू नका, फक्त पुन्हा बघायला सांगा. बघायला शिकणं हीच या वयातली चित्रकला, असं माझं ठाम मत आहे.

टेकडी दिसत नसेल तर रस्त्यावरचं एखादं झाड वर्षभरासाठी धरा. पिंपळ मिळाला तर फारच छान. त्याची कोवळी पालवी तांबूस असते, आणि पान हिरवंच असतं हा समज मुलं स्वतःच मोडतात. दर महिन्याला तेच झाड, त्याच वहीत, पानावर तारीख घालून.

रंग घरचेच करा, मुलांना त्यात सगळ्यात जास्त रमताना मी पाहिलंय. गेरू आणि काजळ डिंकाच्या पाण्यात कालवले की कागदावर नीट बसतात. गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात भिजवा. त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळट-गुलाबी होतं, खायचा सोडा टाकला तर हिरवट. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की लाल रंग येतो. पण चुना डोळ्यात गेला तर भाजतो, तेव्हा ते काम तुम्हीच करा. हळदीचा रंग उन्हात लवकर विटतो हेही आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं हिरमुसतात.

पानं-फुलं खाली पडलेलीच वेचायची. कण्हेर, रुई, धोतरा यांना हात लावायचा नाही, आणि तासानंतर सगळ्यांनी हात धुवायचे.

पानांची रांगोळी किंवा चिकटवलेली फुलपाखरं मी क्वचितच करून घेते; त्यात बहुतेक काम शिक्षकाचंच होतं.

वर्षातून एक सहल मिळाली तर एम्प्रेस गार्डनला न्या. प्रत्येकाला एकच खोड वाटून द्या आणि साल हाताने चाचपून झाल्याशिवाय पेन्सिल देऊ नका.