वाचकांचे प्रश्न : एकदा पारखलेला प्रस्ताव

प्रश्न : मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचा ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग तयार करण्याचा लहान कारखाना आहे. माझा पुतण्या उत्तर इटलीतील एका छोट्या कंपनीत संशोधन करतो. त्यांच्या संशोधन प्रस्तावाला ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाकडे, उत्तम गुण मिळाले, पण पैसे मिळाले नाहीत. हाती आले ते केवळ एक प्रमाणपत्र. पुढे तिथल्या प्रादेशिक सरकारने त्याच प्रमाणपत्राच्या आधारे अनुदान मंजूर केले. वरच्यांनी नाकारलेले खालच्यांनी का द्यावे, आणि तिथे संशोधनाचे धोरण ठरवते तरी कोण?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘नाकारलेले’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण सारा उलगडा तिथेच आहे. युरोपीय संघाचा ‘होरायझन युरोप’ हा २०२१ ते २०२७ या काळातील संशोधन कार्यक्रम सुमारे ९,५५० कोटी युरोंचा असला, तरी गुणवत्तेच्या कसोटीला उतरलेल्या सर्वच प्रस्तावांना तो पुरत नाही. अशा पात्र, पण निधीअभावी मागे राहिलेल्या काही प्रकारच्या प्रस्तावांना २०१५ पासून ‘सील ऑफ एक्सलन्स’ हे प्रमाणपत्र दिले जाते. प्रस्ताव तज्ज्ञांनी तपासला आहे आणि तो उत्तम आहे, पैसे मात्र दुसऱ्या कोणी द्यावेत, एवढाच त्याचा अर्थ. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा टाइप टेस्टचा, म्हणजे मालाच्या नमुन्यावर केलेल्या चाचणीचा, अहवाल जोडल्यावर नवा ग्राहक तीच चाचणी सहसा पुन्हा मागत नाही, हे आपण रोजच्या व्यवहारात पाहत असाल. प्रादेशिक सरकारनेही तेच केले.

हे दिसते तितके सोपे नव्हते. सरकारने खाजगी कंपनीला दिलेली मदत बाजारातील स्पर्धा बिघडवू नये, यासाठी युरोपीय संघाचे कडक नियम आहेत, आणि त्या नियमांमुळे होरायझनमधील खर्चाच्या बाबी व अनुदानाचे प्रमाण प्रादेशिक मदतीला जसेच्या तसे लावता येत नसे. परिणामी ब्रुसेल्सने मान्य केलेल्या प्रस्तावाचा हिशेब प्रदेशाच्या कचेरीत नव्याने मांडावा लागे. २०२१ मध्ये नियम बदलले आणि असे प्रमाणपत्र मिळालेल्या लघु व मध्यम उद्योगांच्या प्रकल्पांना होरायझनचेच निकष लावण्याची मुभा मिळाली. समन्वयाची खरी कसोटी अशा कागदपत्रांतच लागते, संयुक्त बैठकांत नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोरण कोण ठरवते, याचे उत्तर ‘तिघेही’ असे आहे : संघ, सदस्य देश आणि त्यांतील प्रदेश. संघाने संशोधनात काही केले म्हणून सदस्य देशांचा अधिकार संपत नाही, असे संघाच्या करारातच म्हटले आहे. त्याचबरोबर दोघांची धोरणे परस्परांशी सुसंगत राहतील असा समन्वय राखण्याचे बंधनही त्यात आहे. देशांच्या आतील वाटणी मात्र ज्याची त्याची. जर्मनीत मूलभूत संशोधन करणाऱ्या माक्स प्लांक संस्थेचा मूळ निधी केंद्र आणि राज्ये निम्मा-निम्मा उचलतात, तर उद्योगांना उपयोगी संशोधन करणाऱ्या फ्राउनहोफर संस्थेच्या मूळ निधीत केंद्राचा वाटा नव्वद टक्के असतो.

प्रदेशाची भूमिका मला सर्वांत मोलाची वाटते. २०१४ पासून प्रादेशिक विकास निधीतून संशोधनासाठी पैसे हवे असतील, तर आपले बलस्थान कशात आहे हे ठरवणारी रणनीती आधी तयार असावी लागते, आणि ती अधिकाऱ्यांनी परस्पर न लिहिता स्थानिक उद्योजक व विद्यापीठांना सोबत घेऊन आखावी, अशी अपेक्षा असते. बडोदेकरांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झाले, तेव्हा रंगकाम आणि यंत्रविद्येसारखे विषय इथल्या कारागिरीची व उद्योगांची गरज ओळखूनच घेतले होते.

तरीही युरोपात सारे सुरळीत आहे असे नाही. ब्रुसेल्सचे आणि प्रदेशाचे वेळापत्रक जुळत नाही. प्रमाणपत्र हाती असले तरी प्रादेशिक योजनेत अर्ज घेणे सुरू होईपर्यंत छोट्या कंपनीला तग धरणे कठीण जाते. शिवाय ज्या प्रदेशांकडे मुळातच पैसा आणि सक्षम कचेऱ्या आहेत, तेच या सोयीचा लाभ चटकन घेतात. मागे पडलेल्या देशांसाठी होरायझनमधील किमान ३.३ टक्के निधी राखून ठेवला आहे, पण माझ्या मते तो पुरेसा नाही.

आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले आणि गुजरात राज्याची विज्ञान व तंत्रज्ञान परिषद आहेच. दिल्लीत चांगले गुण मिळालेला, पण निधी न मिळालेला बडोद्याचा प्रस्ताव राज्याने त्याच परीक्षणाच्या आधारे उचलावा, अशी मागणी मकरपुऱ्यातील कारखानदारांच्या संघटनेने करून पाहण्यासारखी आहे.

पुतण्याला एक मात्र जरूर कळवा : प्रदेशाचे अनुदान घेतल्यावर त्याच खर्चासाठी पुन्हा युरोपीय निधी मागता येत नाही. पुढचा अर्ज ब्रुसेल्सला करताना कोणता खर्च कोणत्या खात्यातून झाला, याची स्वतंत्र नोंद कंपनीने आतापासूनच ठेवावी.