हळदीच्या अडत दुकानाचे वेब ॲप्लिकेशन: पीएचपी, जावा, नोड की जँगो?

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानासाठी आवक, सौदे आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या सांभाळणारे वेब ॲप्लिकेशन करायचे आहे, तर त्याची पाने सर्व्हरवर कोणत्या तंत्राने तयार करावीत, असे आपण विचारले आहे. मी सांगलीतच व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करतो. या कामासाठी मी जँगो, म्हणजे पायथन भाषेतील वेब ॲप्लिकेशन बनवण्याची तयार चौकट, निवडेन.

अडत दुकानाची पाने मुख्यतः तीन प्रकारची असतात: नोंदीचा फॉर्म, यादी आणि छापायचा कागद. त्यामुळे ब्राउझरमध्ये रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे स्वतंत्र ॲप्लिकेशन आणि मागे एपीआय (त्याला फक्त माहिती पुरवणारा सर्व्हरवरचा भाग) अशी दुहेरी रचना करण्यापेक्षा सर्व्हरनेच पूर्ण एचटीएमएल पाठवणे मला योग्य वाटते, कारण वजन, दर आणि हमालीचे नियम मग एकाच ठिकाणी लिहावे आणि दुरुस्त करावे लागतात.

जँगो २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, आणि त्याचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. मजकूर भरणाऱ्या कर्मचाऱ्यांना तयार पाने देणे ही तेथील गरज होती, आणि त्यातूनच आलेला त्याचा ॲडमिन विभाग आजही त्याचे मोठे बळ आहे. शेतकरी, खरेदीदार, हमाली-तोलाईचे दर अशा याद्यांची पाने त्यात जवळजवळ आयती मिळतात. सौद्याची नोंद मात्र ॲडमिनवर ढकलू नये. दिवाणजी ज्या क्रमाने पोती, वजन आणि दर लिहितात त्याच क्रमाचा फॉर्म स्वतंत्रपणे करावा. रकमांसाठी दशांश प्रकारचे फील्ड आहे, आणि हजारांची विभागणी लाख-कोटींच्या पद्धतीने, म्हणजे १,२५,००० अशी, सेटिंगमधूनच करता येते.

पीएचपी या भाषेला मी कमी लेखत नाही. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ते लगेच चालते, आणि प्रत्येक विनंती नव्याने सुरू होऊन संपत असल्याने एका पानातील बिघाड सहसा पुढच्या विनंतीपर्यंत पोचत नाही. तथापि साध्या पीएचपीत पानावर दाखवलेला मजकूर आपोआप सुरक्षित होत नाही, त्यामुळे कोणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) भरली तर ती पानावर चालू शकते. लारावेल या पीएचपीच्या चौकटीतील ब्लेड टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) आणि जँगोमध्ये ही काळजी मुळातच घेतलेली आहे. शिवाय पीएचपीचे लांबी मोजणारे नेहमीचे फंक्शन अक्षरे न मोजता बाइट (साठवणीची एकके) मोजते, म्हणून ‘हळद’ या शब्दाची लांबी ते ९ सांगते. मराठी नावांसाठी त्याची मल्टिबाइट आवृत्तीच वापरावी. होस्टिंग आधीच घेतलेले असेल आणि आपला हात पीएचपीवर बसलेला असेल, तर लारावेल खुशाल घ्यावे.

जेएसपी, म्हणजे जावात पाने बनवण्याची जुनी पद्धत, नव्या कामासाठी घेऊ नये. जावाच हवी असेल तर स्प्रिंग बूट ही चौकट आणि थाइमलीफचे टेम्प्लेट बरे, पण एका दुकानासाठी तो पसारा मोठा होतो. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या तंत्रात, जावास्क्रिप्टचे काम एका मुख्य थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या रांगेत) चालते, म्हणून हंगामाचा जड गोषवारा तिथेच काढू लागल्यास तेवढा वेळ इतरांची पाने अडून राहतात, आणि अचूक दशांश गणनेसाठी बाहेरची लायब्ररी आणावी लागते. मायक्रोसॉफ्टचे ब्लेझर सर्व्हर हे तंत्र आकर्षक असले तरी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील जोडणी सतत जिवंत राहण्यावर ते अवलंबून आहे. जिथे मोबाइलच्या नेटवर्कवर काम चालते, तिथे मी ते सुचवणार नाही.

एक गोष्ट मात्र निवड पक्की करण्याआधीच तपासून पाहावी: पट्टीची छपाई. अनेक पीडीएफ लायब्ररी देवनागरीची जोडणी नीट करत नाहीत, आणि ‘कृष्णा’ किंवा ‘क्विंटल’ यांतील जोडाक्षरे तुटून छापली जातात. पायथनमधील वीझीप्रिंट ही लायब्ररी अक्षरजुळणी पँगो या त्याच कामाच्या लायब्ररीकडे सोपवत असल्याने योग्य फाँट असेल तर मजकूर बरोबर येतो. पीडीएफ साठवण्याची गरज नसेल, तर छपाईसाठी वेगळी सीएसएस (पानाच्या मांडणीचे नियम) लिहून पट्टी थेट ब्राउझरमधूनच छापावी.