सिंह, चित्ता, काळा पँथर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मुळशीत आमच्या प्लॉटजवळ संध्याकाळी काळंकुळकुळीत, मोठ्या मांजरासारखं जनावर दिसलं. कुणी पाळलेला परदेशी ब्लॅक पँथर सुटला असेल का?

ब्लॅक पँथर ही वेगळी जात नाही. आपल्याच बिबट्याच्या अंगात रंगद्रव्य जास्त असलं की तो काळा दिसतो. तिरप्या उन्हात त्या काळ्यावरही ठिपके दिसतात. आई आणि बाप दोघांकडून हा गुण आला तरच पिल्लू काळं होतं, त्यामुळे पिवळ्या बिबटीच्या पोटी एक काळं, एक पिवळं असंही घडतं. दाट, दमट जंगलांत असे बिबटे जास्त आढळतात. कोकणात आहेत, ताडोबातही त्यांचे फोटो निघालेत. तेव्हा मुळशीत एखादा असला तर त्यासाठी कुणा फार्महाऊसवाल्यावर संशय घ्यायला नको. मात्र अंधारून आल्यावर घरगुती बोकाही भलामोठा वाटतो. ते जनावर ज्या कुंपणाजवळून गेलं, तिथे दिवसा जाऊन कुंपणाची उंची मोजा आणि मग ठरवा.

सुप्याच्या माळावर गाडीच्या उजेडात आयाळ असलेलं जनावर दिसलं. सिंह?

तरस. मानेपासून पाठीवर उभे राहणारे केस, मागे उतरती पाठ, अंगावर पट्टे. सिंह बघायचा तर गीरला जा, नाहीतर पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढा.

भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथल्या शेतांतही लोकांना बिबटे, प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) दिसतात म्हणे. ते कुठून आले?

तिथे रानात बिबट्या मुळातच नाही, त्यामुळे तिथला प्रश्न आपल्याहून वेगळा. पूर्वी तिकडे हौसेखातर असे प्राणी पाळत. 1976 मध्ये धोकादायक प्राण्यांसाठी परवान्याचा कायदा आला, तेव्हा काहींनी ते गुपचूप सोडून दिले, असं सांगतात. अगदीच थाप नव्हे: 1980 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतकऱ्याच्या पिंजऱ्यात खरीखुरी प्यूमा सापडली, तीही चांगली माणसाळलेली.

सगळ्यात गाजलं ते कॉर्नवॉलमधलं ‘बॉडमिनचं श्वापद’. 1995 मध्ये सरकारने चौकशी केली, ठोस पुरावा मिळाला नाही. अहवालाची शाई वाळते न वाळते तोच तिथल्या फॉवी नदीत एका मुलाला बिबट्याची कवटी सापडली! लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ती तपासली. कवटी बिबट्याचीच होती. पण तिच्यावर सुरीचे घाव होते आणि आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांची पिशवी चिकटलेली होती. म्हणजे जनावर मेलं परदेशात, आणि कवटी इंग्लंडला पोचली ती दिवाणखान्यात अंथरायच्या कातड्याबरोबर. मला त्या झुरळाचं फार कौतुक वाटतं.

सासवडजवळ ओल्या चिखलात ठसे मिळाले, फोटो पाठवतोय. नखं स्पष्ट आहेत. मांजरकुळात नखं फक्त चित्त्याची उमटतात असं वाचलं. कुनोतला चित्ता इथवर आला का?

वाचलंत ते साधारण बरोबर, पण नखं कुत्रा, लांडगा, तरस यांचीही उमटतात. शिवाय निसरड्या चिखलात बिबट्याही नखं बाहेर काढतो. म्हणून आधी तळव्याची गादी बघायची. मांजरकुळातल्या गादीला मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. तुमच्या फोटोत ते नाहीत, आणि ठसा रुंदीपेक्षा लांब आहे. कुत्रा किंवा लांडगा. त्या माळावर लांडगे आहेतच. भारतातला चित्ता 1952 मध्ये नामशेष जाहीर झाला. 2022 मध्ये नामिबियाहून आणलेले चित्ते ज्या कुनोत सोडले, ते इथून सरळ रेषेत आठशेहून अधिक किलोमीटर आहे. पुढच्या वेळी ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, आणि वनरक्षक येईपर्यंत ठशावर घमेलं पालथं घालून ठेवा.

आमच्या लहानपणी जुन्नर तालुक्यात एवढे बिबटे नव्हते. वनखातं बाहेरचे आणून सोडतं, असं गावात सगळेच म्हणतात. खरं काय?

हे बोलणं हवेतून आलेलं नाही. 2000 नंतरची काही वर्षं जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या रानात नेऊन सोडले जात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की जिथे सोडले तिथल्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. बरं, सोडलेला बिबट्या तिथेच थांबेल असंही नाही. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून 2009 मध्ये काढलेला एक नर माग कळवणारी कॉलर लावून माळशेजला सोडला, तर पठ्ठ्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला.

पण आज तुमच्या बांधावर दिसतो तो बहुधा तिथलाच. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. उसात आडोसा आणि पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबटीला पिल्लं घालायला आणखी काय हवं? तेव्हा ग्रामसभेत ‘पकडून लांब सोडा’ असा ठराव घालण्यापूर्वी ‘लांब’ म्हणजे कुणाच्या गावाजवळ, तेही विचारा. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलून घरी नेऊ नका, सेल्फीसाठी तर नाहीच. तोड थांबवून वनखात्याच्या 1926 या फोन क्रमांकावर कळवा. पिल्लं त्याच जागी राहिली, तर अंधार पडल्यावर आई त्यांना न्यायला येण्याची बरीच शक्यता असते.