उपकार घ्यायला शीक

प्रिय मुला,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. नोकरी बरी आहे, पगार वेळेवर होतो, घरचं कुणी छळत नाही, तरी रविवारी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, असं तू लिहिलंस. मग विचारलंस की ही तुझी एकट्याची कमजोरी आहे, की हा काळच माणसाला खचवणारा आहे? पूर्वीची माणसं एवढी खचत नव्हती ना, मावशी?

यावर काय लिहावं याचा विचार करत होते, तोवर पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलेलं एक वाक्य दिसलं. मागच्या महिन्यात तू तापाने फणफणला होतास. औषधं ॲपवरून मागवलीस, जेवण दाराबाहेर ठेवायला सांगितलंस, "आणि कुणालाही त्रास दिला नाही." हे तू अभिमानाने लिहिलंयस. माझं मन तिथेच अडकलं. तुझ्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तर मला त्याच वाक्यात दिसतं, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आधी काळाचं बोलू. "पूर्वी असं नव्हतं" हे इतक्या ठामपणे म्हणू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये जगात सुमारे ९७ कोटी माणसं कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारासह जगत होती. म्हणजे दर आठांतलं एक. १९९० पासून हा आकडा जवळजवळ दीडपट झाला, पण तेवढ्या काळात लोकसंख्याही वाढली. वयोमान जमेस धरून काढलेलं प्रमाण फारसं हललेलं नाही. आत्महत्यांचा जागतिक दर तर २००० ते २०१९ या काळात एक तृतीयांशाहून जास्त उतरला. त्यामुळे सगळं जग रसातळाला चाललंय असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. मात्र तुझ्या वयाच्या मुलांचं बिघडलंय, हे खरं. अनेक श्रीमंत देशांत २०१० नंतर किशोरवयीन आणि तरुण मुलांमधलं, त्यातही मुलींमधलं, नैराश्य वाढलेलं दिसतं. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर नैराश्य आणि चिंताविकारांचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं. यातलं काही आता लोक बोलतात, डॉक्टरकडे जातात, म्हणून नजरेला येतं. आमच्या वेळी "डोक्यावर परिणाम झालाय" एवढं एकच निदान असायचं आणि तेही दाराआड, दबक्या आवाजात.

पण सगळं बोलकेपणावर ढकलून मला स्वतःची समजूत काढायची नाही. हेल्पलाइनच्या फोनवर वर्षानुवर्षं बसल्यावर कानाला काही गोष्टी कळायला लागतात. सुरुवातीला फोन करणारे कुणाबद्दल तरी बोलायचे. नवऱ्याबद्दल, साहेबाबद्दल, जमिनीवरून भांडणाऱ्या भावाबद्दल. रडायचे, शिव्या द्यायचे. पुढे पुढे जे फोन यायला लागले त्यांत दुसरं माणूसच नसायचं. "तुम्हाला कुणी काही बोललं का?" म्हणून विचारलं, की पलीकडून उत्तर यायचं, "नाही हो. बोलायला आहे कोण?" पहिल्या तऱ्हेच्या फोनवर काय बोलायचं ते मला कळायचं. दुसऱ्या तऱ्हेच्या फोनवर मी गप्प व्हायची.

म्हणून तुला सांगते, उपकार घ्यायला शीक. करायला नव्हे, ते तुला येतं. तू मित्रांना पैसे देतोस, त्यांची सामानाची खोकी उचलायला जातोस, रात्री-अपरात्री त्यांची रडगाणी ऐकतोस. ते सगळं चांगलंच आहे. पण तू कुणाकडून काही घेत नाहीस, आणि माझ्या मते माणूस तिथूनच पोखरला जातो.

बघ ना, गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपण काय केलं. अडीनडीला माणसाकडे जावं लागायचं अशी एकेक गोष्ट घेतली आणि ती विकत मिळण्याची सोय केली. पत्ता विचारणं, शिडी उसनी आणणं, दवाखान्यात सोबतीला कुणाला तरी नेणं, पोर तासभर शेजारी ठेवणं, महिनाअखेरीला हात पसरणं. यातली प्रत्येक सोय सुटी सुटी घेतली तर चांगलीच आहे, मीही वापरते. पण सगळ्यांची बेरीज काय झाली? कुणालाच कुणाची गरज उरली नाही. ज्याची कुणाला गरज नाही आणि ज्याला कुणाची गरज लागत नाही, त्याने सकाळी कशाच्या जोरावर उठायचं? मिंधं व्हायचं नाही, हे आमच्या पिढीचं स्वप्न होतं. ते पुरं झालं. तुझी रविवारची दुपार ही त्याचीच किंमत आहे.

तू म्हणशील, मावशी, फोनचं बोला, सगळे फोनलाच दोष देतात. दे हवं तर. झोप तो खातो, दुसऱ्याच्या संसाराशी तुलना तो करायला लावतो, हे मला मान्य आहे. पण फोन सगळ्यात शेवटी आला. दार आधीच लागलेलं होतं, त्याने फक्त कडी घातली. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने युरोपातल्या आत्महत्यांचा अभ्यास १८९७ साली मांडला, तेव्हा कुठे होता फोन? ज्यांच्या अंगावर माणसांची बांधिलकी जास्त, जे संसारात आहेत, ज्यांना मुलंबाळं आहेत, त्यांच्यात आत्महत्या कमी, असं त्याला दिसलं. देशावर संकट आलं आणि माणसं एकवटली, की आकडा खाली यायचा. त्याच्या पद्धतीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, पण गाभा टिकला. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोठा आघात झालेल्या बायकांमध्ये, जिच्याजवळ सगळं सांगण्याजोगं एक माणूस होतं ती नैराश्यात जाण्याची शक्यता खूपच कमी निघाली. दहा माणसं लागत नाहीत, एक पुरतं. पण ज्याच्यापुढे आपण कधी काही मागितलेलंच नाही, त्याच्यापुढे आपलं दुःख कसं उघडं करणार? मागण्याची सवय लहान गोष्टींत लागते. शिडी मागितलेल्या माणसाकडेच पुढे कधीतरी रडता येतं.

माझा एक सहकारी होता. ऑफिसात कुणाचंही काही अडलं की हा हजर. माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी रांगेत माझ्याआधी जाऊन उभा राहिला होता. त्याने आयुष्यात कधी माझ्याकडे साधा पेनसुद्धा मागितला नाही. निवृत्तीनंतर कळलं, की तो कित्येक वर्षं नैराश्यावर उपचार घेत होता. गोळ्या टेबलाच्या खालच्या खणात, पाकिटातून काढून दुसऱ्याच डबीत ठेवलेल्या असायच्या. मी त्याला विचारलं, एकदा तरी सांगायचंत. तो म्हणाला, "तुम्हाला कशाला त्रास?" अगदी तुझेच शब्द. त्याला वाटलं तो माझं रक्षण करतोय. मला मात्र माझ्या तोंडावर दार आपटल्यासारखं झालं. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी त्याच्या काही उपयोगाची नव्हते, असा त्याचा अर्थ होतो. त्या गोष्टीचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो तुझ्यावर निघतोय, हे मला दिसतंय. निघू दे. उपकार न घेणारा माणूस समोरच्याची ऐपत नाकारत असतो. तुला ते नम्रपणाचं वाटतं. मला नाही वाटत.

समोरच्याला त्रास होईल, हा तुझा अंदाजही चुकीचा आहे. फ्लिन आणि लेक या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की अनोळखी माणसांकडे मदत मागायची असली तर किती जण "हो" म्हणतील याचा मागणाऱ्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार कमी असतो. अठराव्या शतकातला अमेरिकन राजकारणी बेंजामिन फ्रँकलिन, त्याला सभागृहातल्या एका विरोधकाची मर्जी संपादन करायची होती. त्याने त्याची कसलीही सेवा केली नाही, उलट त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं. पुढे दोघांची मैत्री झाली आणि ती टिकली. देणाऱ्यालाही काहीतरी मिळत असतं, मुला. ते त्याला मिळू दे.

आणि झिम्बाब्वेच्या आज्यांबद्दल तुला सांगायलाच हवं, कारण खचलेल्या मनाबद्दल मला ठाऊक असलेल्या सगळ्या हकिकतींत मला ती सर्वांत प्रिय आहे. डिक्सन चिबांडा हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. सगळ्या देशात मोजके मानसोपचारतज्ज्ञ, आणि माणसं कोटीच्या वर. २००६ पासून त्यांनी हरारेमध्ये वस्तीतल्या आज्यांना शिकवून तयार केलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकांवर बसवलं. आजी ऐकते, विचारते, सगळ्या गुंत्यातली एक अडचण निवडायला लावते आणि ती सोडवायला सोबत राहते. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारगटात निम्म्या लोकांना नैराश्याची लक्षणं होती, आजीशेजारी बाकावर बसलेल्यांत ती १४ टक्क्यांना होती. त्यापुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. बाकावरून उठलेली माणसं पुढे गटात येतात आणि जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून पिशव्या करतात. म्हणजे आधी बाकावर बसून घ्यायचं आणि मग दुसऱ्याच्या शेजारी बसून काहीतरी करायचं. आधी घेणं. क्रम बघ.

आता तू मला अडवशील, की जुन्या काळी माणसं एकमेकांच्या उपकारात होती म्हणून सुखी होती का? नव्हती. हे मला शिकवू नकोस. ज्या घरात प्रत्येक घास मोजला जायचा आणि वीस वर्षांनंतर ऐकवला जायचा, त्या घरातून मी बाहेर पडले. त्याबद्दल मला अजूनही नावं ठेवतात. तेव्हा माझा निर्णय बरोबर होता आणि आजही आहे. उपकाराचा हिशेब ठेवणारा माणूस तुला गुलाम करतो, त्याच्यापासून लांब राहा. पण एका घराने हिशेब ठेवला म्हणून सगळ्या जगाला दार लावायचं, हे मला पटलं नाही. मी वेगळी माणसं शोधली. माझी मुलगी म्हणते, आई, एवढीशी शिडी, विकत घे ना. मी घेणार नाही. शिडी परत द्यायला जाते तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पायऱ्यांवरचा चुना बोटाने खरवडत अर्धा तास बोलतात. बायको गेल्यापासून त्यांच्याकडे काही मागायला जाणारी मी एकटीच आहे. लोकांना हा माझा हेका वाटतो. वाटू दे.

हे सगळं एकट्या तुझ्या स्वभावावर लादायचं नाही मला. रात्री अकराला मेल पाठवणारा साहेब, उद्या राहील की नाही असली नोकरी, पगाराचा मोठा वाटा गिळणारं भाडं, यांनी माणूस खचतोच. त्यावर मी पत्र लिहून उपाय होणार नाही. पण त्याविरुद्ध भांडायचं म्हटलं तरी शेजारच्या टेबलावरच्या माणसाची मदत मागावी लागते.

तुझी मनःस्थिती दोन आठवड्यांहून जास्त काळ अशीच आहे, झोप आणि भूक दोन्ही बिघडलीय, असं पत्रावरून दिसतं. डॉक्टरकडे जा. गोळ्या दिल्या तर घे, मनानेच बंद करू नकोस. जगू नये असं एक क्षणभर जरी मनात आलं, तर किती वाजलेत ते न बघता मला फोन कर. मी उचलला नाही तर हेल्पलाइनला कर, दुसऱ्या कुणालाही उठव. डॉक्टरची वेळ घेताना सोबत कुणाला तरी ने. तुझ्या ऑफिसातली ती मुलगी, जी तू आजारी असताना विचारत होती आणि जिला तू "ठीक आहे" म्हणून कळवलंस, तिलाच सांग. बाहेर खुर्चीवर बसून राहायचं एवढंच काम आहे. ती हो म्हणेल.

आणि आता माझं काम. पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर बरेच दिवस डोळ्यात औषधाचे थेंब घालायचे असतात. पहिल्या डोळ्याच्या वेळी स्वतः घालायला गेले, तर निम्मे थेंब पापणीवरून गालावर ओघळायचे आणि बाटली डोळ्याला लागेल म्हणून हात थरथरायचा. मुलगी म्हणते, नर्स ठेवू. मी नाही म्हटलंय. पहिले चार दिवस तू ये. रजा टाकावी लागेल, तुझी गैरसोय होईल, हे मला माहीत आहे, तरी मागतेय. तारीख नक्की झाली की कळवते. तू डॉक्टरची वेळ घेतलीस की लगेच मला कळव.

तुझी,
मावशी