तोंडाच्या कॅन्सरला प्रोटॉन थेरपीच घ्यावी का?

वडिलांना गालाच्या आतला कॅन्सर आहे आणि कुणीतरी प्रोटॉनच घ्या म्हणतंय, असं तुम्ही लिहिलंय. गालाच्या कॅन्सरला बहुतेकदा आधी ऑपरेशन होतं आणि गरज पडली तर नंतर साधारण सहा आठवडे रेडिएशन देतात. प्रोटॉन हा रेडिएशनचाच एक प्रकार, म्हणून त्याचा प्रश्न तिथे येतो.

नेहमीच्या रेडिएशनमधले एक्स-रे आरपार जातात, वाटेतल्या सगळ्याला थोडाथोडा डोस देत. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो आणि सर्वात जास्त ऊर्जा तिथेच सोडतो. त्यामुळे गाठ एकाच बाजूला असेल तर पलीकडची लाळग्रंथी वाचू शकते. लाळ गेली की भाकरीच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो, म्हणून ही काही छोटी गोष्ट नाही. पण मानेच्या दोन्ही बाजूंना रेडिएशन लागणार असेल तर फरक कमी होतो, आणि आयएमआरटी, म्हणजे गाठीच्या आकाराप्रमाणे एक्स-रेचा डोस कमीजास्त करून देण्याची पद्धत, हीही चांगलीच आहे. आधी रेडिएशन झालेल्या जागी कॅन्सर उलटला असेल, तर मात्र प्रोटॉनबद्दल जरूर विचारा.

सोय खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर उपचार-संशोधन केंद्रामध्ये आहे. चेन्नईत अपोलोत २०१९ पासून. पण मशीनसाठी उपचार लांबवू नका. आणि हो, किडके दात रेडिएशनआधीच काढून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडायची भीती असते.