आडगावचा प्लॉट, काळी माती आणि रिपोर्टमधला १८ चा आकडा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या आडगाव शिवारात प्लॉट आहे, जी प्लस वन बंगला बांधायचाय, मे महिन्यात सॉइल टेस्ट करून घेतली. रिपोर्टमध्ये दीड मीटरवर एसबीसी (सेफ बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे माती सुरक्षितपणे किती वजन पेलेल) १८ टन पर स्क्वेअर मीटर दिलंय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय की १८ म्हणजे भरपूर झालं, पाच फुटावर फुटिंग टाकू, उगाच खाली जाऊन खर्च कशाला. वडील म्हणतात शेजाऱ्याने तर टेस्टच केली नव्हती, त्याचं घर उभंच आहे की. आणि तुमचं म्हणणं, एवढ्या पानांच्या रिपोर्टमधलं नेमकं बघायचं काय.

माझं उत्तर: पाच फुटावर थांबू नका. तुम्ही जे तक्ते टाकलेत त्यातच कारण लिहिलेलं आहे, फक्त ते एसबीसीच्या पानावर नाहीये, मागच्या पानावर आहे.

बघा, दीड मीटरवरच्या सॅम्पलची लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते) ७२, प्लास्टिक लिमिट ३२, फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते) ११८ टक्के, आणि नॅचरल मॉइश्चर (जमिनीत असतानाचं मातीतलं पाणी) १६ टक्के. मी बावीस वर्षं मातीच्या लॅबमध्ये काढली आहेत आणि काळ्या मातीचा रिपोर्ट हातात आला की मी आधी हे चार आकडे शोधतो, एसबीसी शेवटी. या चारात पण सगळ्यात जास्त बोलणारा आकडा म्हणजे तो १६, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही. प्लास्टिक लिमिट ३२ म्हणजे माती ३२ टक्के पाण्याला जेमतेम वळता येण्याइतकी मऊ होते. तुमची माती बोअर मारला तेव्हा १६ वर होती म्हणजे ती ठणठणीत कोरडी होती, मे महिन्यात काळी माती असते तशी, कुदळ मारली तर ठिणगी उडेल अशी. त्या अवस्थेत एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) घेतली तर एन व्हॅल्यू, म्हणजे ठोक्यांचा आकडा, चांगली येणारच ना. ६३.५ किलोचा हॅमर ७५ सेंटीमीटरवरून पडतो, पहिले १५ सेंटीमीटर सोडून पुढच्या ३० सेंटीमीटरला किती ठोके लागले ते मोजायचं, एवढीच ती टेस्ट. उन्हाळ्यात जिथे २० ठोके लागतात तिथेच ऑगस्टमध्ये ६-७ ठोक्यात काम होतं हे मी एकाच प्लॉटवर पाहिलंय, एकच रिग आणि तीच माणसं. तुमचं १८ हे मे महिन्याच्या मातीचं १८ आहे, घर मात्र बारा महिने उभं राहणार.

दुसरी गोष्ट म्हणजे एसबीसी काढताना दोनच गोष्टी बघतात, माती वजनाखाली फाटेल का आणि किती खचेल. खालून वर ढकलणाऱ्या मातीचा त्यात हिशोबच नसतो. काळ्या मातीत जो मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा खनिज असतो तो पाणी आपल्या पापुद्र्यांमध्ये ओढून घेतो आणि फुगतो, वाळला की आकसतो. हा फुगण्याचा दाब १०-१५ टन पर स्क्वेअर मीटर पण भरतो आणि काही मातीत त्याहून जास्त. आता तुमच्या हॉलच्या फरशीचं वजन किती, स्क्वेअर मीटरला टन सुद्धा होत नाही, म्हणून आधी फरशी उचलते, मग कंपाउंड वॉल, मग प्लिंथ बीम, आणि उंच बिल्डिंगपेक्षा छोट्या बंगल्याला हा त्रास जास्त होतो. लोकांना उलटं वाटतं, की छोटं घर आहे, काय होणार.

हे मी पुस्तकातलं नाही सांगत. लॅबला लागून मला दोन वर्षं झाली होती तेव्हा निफाडकडच्या माझ्या मामांनी घर बांधायला काढलं. रिपोर्ट एका लॅबने एप्रिलमध्ये केला होता, मामांनी तो मला दाखवला, मी एसबीसीचं पान उघडलं, १६ की १७ होतं, आणि म्हणालो चालेल मामा. फ्री स्वेलचं पान मी उलटलं पण त्यावर थांबलो नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघाल्या, मे महिन्यात त्यात दहा रुपयाचं नाणं जायचं आणि ऑगस्टमध्ये त्याच भेगा मिटायच्या, मागचं दार पावसाळ्यात लागायचंच नाही, मामी ते खांद्याने ढकलून लावायच्या. मामा मला कधी एक शब्द बोलले नाहीत पण मी गेलो की माझी नजर त्या खिडकीकडे जातेच. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आता फ्री स्वेल म्हणजे काय ते प्रत्यक्ष बघून या, लॅबवाले नाही म्हणत नाहीत. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली १० ग्रॅम माती घ्यायची, असे दोन भाग. १०० मिलीच्या दोन काचेच्या सिलेंडरमध्ये टाकायचे, एकात पाणी एकात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही म्हणून ते आपलं माप. काचेच्या कांडीने हळू ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलवाली माती तळाला ११ मिलीवर बसलेली असते, पाण्यातली २४ वर, वरून पिठासारखी मऊ, सिलेंडरला किंचित धक्का लागला तरी हलते. २४ मधून ११ गेले १३, भागिले ११, झाले ११८ टक्के. तुमच्या आकड्याचा हिशोब साधारण असाच असणार. एवढी साधी टेस्ट आहे, आयएस (भारतीय मानक) २७२० चा भाग ४०, आणि आयएस १४९८ मध्ये ५० च्या आत असेल तर विशेष काळजी नाही, १०० ते २०० म्हणजे क्रिटिकल, २०० च्या वर सिव्हियर असे टप्पे दिलेत. तुम्ही क्रिटिकलमध्ये बसता. पण ही फक्त खूण झाली. खरा फुगण्याचा दाब किती ते भाग ४१ च्या स्वेलिंग प्रेशर टेस्टने कळतं आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ती केलेलीच नाही. फ्री स्वेल ५० च्या वर आली की ती टेस्ट करायलाच हवी असं मला वाटतं, त्यात सॅम्पल रिंगमध्ये बसवून पाणी द्यायचं आणि त्याला फुगू न देता धरून ठेवायला किती लोड लागतो ते बघायचं.

लिक्विड लिमिटचं पण एक सांगतो कारण तिथे घाईघाईत आकडा बिघडतो. पितळी कप, त्यात मातीचा लगदा, मधोमध चीर पाडायची, मग हँडल फिरवत सेकंदाला दोन या वेगाने कप एक सेंटीमीटरवरून आपटत राहायचा, २५ ठोक्यांना चीर तळाशी १२ मिलीमीटर मिटली तर त्या लगद्यातलं पाणी म्हणजे लिक्विड लिमिट. काळी माती पाणी सावकाश पिते, लगदा करून ओल्या फडक्याखाली रात्रभर मुरवावा लागतो, पुरणपोळीच्या कणकेसारखा, नाहीतर आतल्या गुठळ्या कोरड्याच राहतात आणि आकडा कमी येतो. तसंच या टेस्टला माती हवेवर वाळवलेली लागते, ओव्हनमध्ये तापवली तर आकडा बदलू शकतो. माणूस चांगला असेल तर त्याच्या हाताखाली कपाचा आवाज घड्याळासारखा एका लयीत येतो, लॅबच्या बाहेरूनच कळतं आज कोण बसलंय.

सगळ्यात नाजूक भाग मात्र लॅबमध्ये नाहीच, साइटपासून लॅबपर्यंतच्या प्रवासात आहे. कातर ताकदीची टेस्ट, म्हणजे ट्रायएक्सियल किंवा डायरेक्ट शिअर, ही अनडिस्टर्ब्ड, म्हणजे जमिनीत होतं तसंच न हलवता काढलेल्या सॅम्पलवर करायची असते. ते सॅम्पल पातळ भिंतीच्या नळीत घ्यायचं, दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची, लेबल नळीवर लावायचं, नुसत्या झाकणावर नाही, आणि लवकरात लवकर लॅबला पोचवायचं. मी काय काय पाहिलंय, मेण न लावलेल्या नळ्या चार दिवस टेम्पोत उन्हात पडलेल्या, आत माती आकसून नळीपासून सुटलेली, आणि त्याच सॅम्पलवर टेस्ट करून कोहेजन (मातीचा चिकटपणा) भरपूर आलं म्हणून रिपोर्ट गेलेला. वाळलेली माती कणखर लागणारच. आणि नळीतून निघताना सॅम्पल तुटलं तर काही जण तीच माती परत ठोकून साच्यात भरतात, रिपोर्टच्या तक्त्यात कुठेतरी बारीक अक्षरात रिमोल्डेड लिहिलेलं असतं. तुमच्या रिपोर्टच्या तिसऱ्या तक्त्यात ते आहे का बघा. लॅबला तीन प्रश्न विचारा, शिअर टेस्ट अनडिस्टर्ब्डवर केली की रिमोल्डेडवर, सॅम्पल पाण्यात भिजवून केली का, आणि बोअर ते टेस्ट किती दिवस गेले. चांगली लॅब राग मानत नाही, उलट रजिस्टर काढून दाखवते.

शेजाऱ्याचं घर उभं आहे हे वडिलांचं म्हणणं खोटं नाही, पण आपल्या नाशिकची जमीन शंभर फुटावर बदलते. सातपूरकडे किंवा पांडवलेणीच्या पायथ्याला चार फुटावर मुरूम लागतो आणि आडगाव ओलांडून निफाडकडे निघालं की काळी माती खोल होत जाते. नदीकाठी गाळ आणि जुना भराव. खाली सगळा बेसॉल्टच, पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टा असतो, त्याला रेड बोल म्हणतात, तो कोरडा असताना दगडासारखा वाटतो आणि पाणी लागलं की नरम पडतो. शेजाऱ्याचा पाया किती खोल आहे तेही विचारा, कदाचित त्याच्या मिस्त्रीने न सांगता मुरमापर्यंत नेला असेल, जुने मिस्त्री तसं करायचे.

तुमच्या बोअरलॉगमध्ये, म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं त्या नोंदीत, २.६ मीटरवर मुरूम लिहिलाय, ३.४ वर सॉफ्ट रॉक. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर थांबतोय तिथून साडेतीन-चार फूट खाली गेलं की काळी माती संपतेय. हे तुमचं नशीब चांगलं आहे. जिथे काळी माती पंधरा-वीस फूट आहे तिथे अंडर-रीम्ड पाइल करावे लागतात, रुडकीच्या सीबीआरआयने (सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट) आपल्याकडे रुजवलेली पद्धत, खाली बल्ब असलेले पाइल साधारण साडेतीन मीटरच्या खाली नेतात कारण तिथवर ऋतूप्रमाणे होणारी हालचाल जवळपास थांबते. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही, साधे कॉलम मुरमात किमान फूटभर आत नेऊन बसवा, नेमकं किती ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगावं, त्याला रिपोर्ट पूर्ण द्या, नुसता एसबीसीचा आकडा फोनवर सांगू नका.

खोदलेली काळी माती परत खड्ड्यात किंवा प्लिंथमध्ये भरू देऊ नका, यावरून कॉन्ट्रॅक्टरशी वाद होईल कारण ती उचलून टाकायला त्याला पैसे लागतात. भराव न फुगणाऱ्या मुरमाचा, सहा-सहा इंचाच्या थरात, पाणी मारून रोलर किंवा कॉम्पॅक्टर फिरवून. आयआयटी मुंबईच्या डॉ. कट्टींनी यावर फार मोठं काम केलंय, न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काळ्या मातीवर टाकला तर खालचं फुगणं दाबून राहतं, कॅनॉलच्या लायनिंगखाली ते वापरतात. आपल्या दिंडोरी रोडच्या मेरी या सरकारी इंजिनिअरिंग संशोधन संस्थेतही धरण-कॅनॉलच्या मातीच्या टेस्ट होत आल्यात, इरिगेशनमधल्या कुणाला विचारलंत तर काळ्या मातीचे किस्से ऐकायला मिळतील. प्लिंथ बीमच्या खाली थोडी मोकळी जागा ठेवायला सांगा, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकणार नाही. घराभोवती तीन-चार फूट रुंद फरसबंदी बाहेर उतार देऊन, आणि पाण्याची टाकी, बाथरूमची चेंबर पायापासून लांब, कारण गळकी चेंबर म्हणजे एका कोपऱ्याला बारा महिने पावसाळा.

आणि मुरूम लागला की एक काम तुम्ही स्वतः करा, कुणावर सोपवू नका. खड्ड्याच्या तळातून मुठीएवढे दोन-तीन ढेकूळ काढा, प्रत्येक कॉलमच्या खड्ड्यातून वेगळे, आणि रात्री बादलीत पाण्यात टाकून ठेवा. सकाळी जसेच्या तसे असतील, फार तर थोडी वाळू सुटली असेल, तर ठीक. विरघळून चिखल झाला तर तो पायाचा मुरूम नाही, अजून खाली जायचंय. काँक्रीट ओतायच्या आधी खड्ड्यात टेप सोडून फोटो काढा, काळा थर कुठे संपतो ते दिसलं पाहिजे, आणि ते फोटो इथे टाका, बादलीतल्या ढेकळांचं सकाळी काय झालं तेही लिहा. पीसीसी (फुटिंगखालचं साधं काँक्रीट) टाकायच्या आदल्या दिवशी टाकलेत तर मी रात्री बघून उत्तर देतो.