एका ॲपवर १००, दुसऱ्यावर १५४, मग आईला सकाळी फिरायला पाठवू का?

मुलुंडला एकाच वेळी दोन ॲपवर एक्यूआयचे, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे, असे दोन आकडे दिसले आणि आईंना दमा आहे, म्हणून तुम्ही विचारताय. तर दोन्ही ॲप बरोबर असू शकतात, हवा तीच, मोजपट्टी वेगळी. पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर आपल्या सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पट्टीवर ते १०० येतं आणि 'समाधानकारक'मध्ये बसतं, अमेरिकन पट्टीवर तेच १५० च्या वर जाऊन 'अनहेल्दी' होतं. म्हणून एक्यूआय सोडा, थेट मायक्रोग्रॅम बघत जा. डब्ल्यूएचओची २०२१ पासूनची २४ तासांची मर्यादा १५ आहे, त्यामुळे ६० ला समाधानकारक म्हणणं मला तरी पटत नाही, दम्याच्या माणसासाठी तर नाहीच नाही.

पण तुमच्यासाठी खरा मुद्दा वेळेचा आहे. सीपीसीबीचा पीएमचा एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर निघतो आणि सरासरीत सकाळ लपून जाते. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो, वारा नसतो, मग गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा सगळं खालीच कोंडतं. मी काही वर्षं मॉनिटरिंग स्टेशनवर काम केलंय. तिथल्या मशीनमध्ये फिल्टरची टेप असते, तिच्यावर दर तासाला एक गोल ठिपका उमटतो. डिसेंबरात ती टेप उलगडली की सकाळी सात-आठचे ठिपके काजळी फासल्यासारखे आणि दुपारी तीनचा जेमतेम राखाडी. त्या काळ्या ठिपक्यांच्या वेळेलाच सगळे मॉर्निंग वॉकला, खूप वाईट वाटायचं बघून.

तेव्हा थंडीभर तरी आईंना पहाटे पाठवू नका. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, मग चार-साडेचारला जाऊ द्या, तेही हायवेच्या कडेने नको, आतल्या गल्लीतून किंवा बागेत. कापडी मास्कचा बारीक कणांना फारसा उपयोग नाही, एन९५ घ्या, पण दम लागला तर लगेच काढायचा आणि इनहेलर खिशात हवाच.

घरी स्वस्तातला सेन्सर घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि तो जास्त दाखवतो, स्टेशनवर हवा आत घेताना नळी गरम करतात ती त्यासाठीच. त्यापेक्षा सीपीसीबीच्या समीर ॲपवर जवळचं स्टेशन उघडा, आठवडाभर तासातासाचे आकडे बघा, आईंची वेळ त्यावरून ठरवा.